देशाबाहेरून लिहिलेला चीन

२००० साली गाओ शिंगज्यान यांना साहित्याचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा चीनच्या परराष्ट्र खात्याने हा पुरस्कार राजकीय हेतूने दिल्याचे सांगून हात झटकले. २०१२ मध्ये मो यान यांना तेच नोबेल मिळाले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या वरिष्ठ नेत्याने लेखक संघाकडे अभिनंदनाचे पत्र धाडले. दोघेही चिनी भाषेत लिहिणारे, सांस्कृतिक क्रांतीचा काळ दोघांनीही अंगावर झेललेला. पण गाओ १९८७ पासून फ्रान्समध्ये राहतात आणि त्यांच्या पुस्तकांवर चीनमध्ये बंदी आहे. मो यान चीनमध्येच राहिले आणि सरकारमान्य लेखक संघाचे उपाध्यक्षही झाले.

एवढ्यावरून एकाला धाडसी आणि दुसऱ्याला मिंधा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्या सोपेपणाचीच मला धास्ती वाटते. देश सोडलेल्या चिनी कादंबरीकारांवर जे आक्षेप घेतले जातात, ते सगळे काही पक्षाच्या प्रचार खात्यातून येत नाहीत. चांगल्या जाणत्या वाचकांचीही तक्रार असते, की ही मंडळी सुरक्षित अंतरावर बसून घरचे उणेदुणे चव्हाट्यावर मांडतात, परक्यांना आवडेल असे लिहितात आणि त्यांचा चीन ज्या वर्षी त्यांनी देश सोडला त्या वर्षीच थांबलेला असतो. या तक्रारींत तथ्य किती, हे पुस्तके उघडून तपासायला हवे.

तक्रारीची बाजू सर्वांत बळकट दिसते ती आयलीन चांग यांच्या बाबतीत. शांघायच्या या अत्यंत गुणी लेखिकेने १९५२ मध्ये चीन सोडून हाँगकाँग गाठले. तिथल्या अमेरिकी माहिती कार्यालयाच्या आश्रयाने त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या, ‘द राइस-स्प्राउट साँग’ आणि ‘नेकेड अर्थ’. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने कम्युनिस्ट चीनवरच्या कादंबऱ्यांना पाठबळ दिले, हे उघड सत्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ‘नेकेड अर्थ’ वाचताना ते जाणवतेही. पात्रांनी कुठून निघून कुठे पोहोचायचे हे कुणीतरी आधीच ठरवून दिल्यासारखी ती कादंबरी चालते.

पण ‘द राइस-स्प्राउट साँग’चे काय करायचे? जमिनीचे फेरवाटप झालेल्या एका खेड्यात लोक उपाशी आहेत आणि उपाशी असल्याचे बोलायची सोय नाही. या खेड्यात शहरातून एक पटकथालेखक येतो, शेतकऱ्यांच्या नव्या सुखी जीवनावर चित्रपट लिहायला. पेज पिऊन त्याचे भागत नाही, म्हणून तो जवळच्या गावी जाऊन गुपचूप खाण्याच्या वस्तू आणतो आणि खोलीत दडून खातो. पुढे उपाशी लोक धान्याच्या कोठाराकडे जातात, गोळीबार होतो, कोठाराला आग लागते. तो लेखक त्या आगीचे दृश्य आपल्या पटकथेत सोयीस्करपणे बसवून टाकतो. १९५९ ते १९६१ या वर्षांत चीनमध्ये जो दुष्काळ पडला आणि ज्यात कोट्यवधी माणसे मेली, त्याच्या चार-पाच वर्षे आधी ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. पैसा कुणाचा होता हा प्रश्न रास्त आहे, पण त्या पैशाने पुस्तकातली भूक खोटी ठरत नाही. शिवाय सत्तेसाठी लिहिणाऱ्या लेखकाची सर्वांत कठोर उलटतपासणी याच पुस्तकात आहे.

परक्या वाचकासाठी लिहिण्याचा आरोप मात्र इतक्या सहज मोडीत निघत नाही. युंग चांग यांचे ‘वाइल्ड स्वान्स’ १९९१ मध्ये आले आणि जगभर त्याच्या लाखो प्रती खपल्या. ते कौटुंबिक आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण त्याच्या यशाने पाश्चात्त्य प्रकाशकांना एक बाजार दाखवून दिला. चीनमध्ये बंदी असल्याचे मुखपृष्ठावर छापले की पुस्तकाला उठाव येतो, हे तिथल्या विक्रेत्यांना पक्के ठाऊक आहे. अशा बाजारात लेखकाकडून एका ठरावीक मालाची मागणी होते. रेड गार्डचे अत्याचार, छळलेला प्राध्यापक, बंदी असलेले पुस्तक चोरून वाचणारा तरुण आणि शेवटी विमानतळ. दाई सिजिए यांची ‘बाल्झाक अँड द लिटल चायनीज सीमस्ट्रेस’ ही फ्रेंचमध्ये लिहिलेली कादंबरी मला याच कारणाने खटकते. लेखक स्वतः सत्तरच्या दशकाच्या आरंभी डोंगरात ‘पुनर्शिक्षणा’साठी धाडलेला होता, त्यामुळे अनुभव अस्सल आहे. कथा गोड आहे, वेगाने वाचली जाते. पण डोंगरातल्या त्या मुलांना आणि शिंप्याच्या मुलीला मोकळे करायला फ्रेंच कादंबऱ्यांची पेटीच यावी लागते, आणि फ्रेंच वाचक आपल्या बाल्झाकवर खूश होऊन पुस्तक मिटतो. शिंप्याची मुलगी शेवटी दोन्ही मुलांना मागे टाकून शहराकडे निघून जाते, तेवढा एक धक्का लेखकाने राखून ठेवला आहे. तरीही सांस्कृतिक क्रांती या पुस्तकात बऱ्याचदा देखाव्यापुरती उरते, हा आक्षेप मला पटतो.

आता याच आरोपाची दुसरी बाजू पाहा. कादंबरीकार हा जिन वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास चीनच्या मुक्तिसेनेत भरती झाले, १९८५ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले आणि १९८९ च्या जूनमध्ये तिआनमेन चौकातले विद्यार्थ्यांचे आंदोलन लष्कराने चिरडले ते दूरचित्रवाणीवर पाहून परत न जाण्याचे त्यांनी ठरवले. ते इंग्रजीत लिहितात. पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले होते, की आयुष्याच्या तळाशी ज्यांनी सोसले त्या दुर्दैवी लोकांच्या वतीने आपण बोलतो आहोत. पुढे ‘द रायटर अॅज मायग्रंट’ या २००८ च्या निबंधसंग्रहात त्यांनी त्याच विधानाची चिकित्सा केली. लोकांनी न नेमलेला प्रवक्ता होण्याचा अधिकार लेखकाला कुणी दिला, असा प्रश्न त्यांनी स्वतःला केला. इतक्या उघडपणे स्वतःची झडती घेणारे लेखक थोडे. त्यांच्या ‘वेटिंग’ला १९९९ चा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तेव्हा चिनी वृत्तपत्रांत त्यांच्यावर देशबांधवांची बदनामी केल्याची टीका झाली. ‘द क्रेझ्ड’ ही तिआनमेनच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी २००२ मध्ये आली, आणि चीनमधल्या पुस्तकांच्या दुकानात तिला जागा नाही.

पण याच हा जिन यांनी २०११ मध्ये ‘नानजिंग रेक्विएम’ लिहिली. १९३७ साली जपानी सैन्याने नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीची ती कादंबरी. हा जिन यांचा जन्म १९५६ चा. म्हणजे लेखक घटनेच्या जागी नव्हता, त्या काळात नव्हता, आणि लिहिलेही अमेरिकेत बसून, इंग्रजीत. ही कादंबरी चीनमध्ये त्याच वर्षी भाषांतरित होऊन प्रसिद्ध झाली. अत्याचारी परका असेल तर लेखकाचे अंतर चालते आणि अत्याचार घरचा असेल तर तेच अंतर गुन्हा ठरते, असा याचा सरळ अर्थ आहे. दुरून लिहिण्यावरचा अधिकृत आक्षेप या एका उदाहरणाने बराचसा गळून पडतो.

वाङ्मयीन आक्षेप मात्र शिल्लक राहतो आणि तो टाळायला नको. ‘द क्रेझ्ड’चा मोठा भाग एका प्रांतिक शहरातल्या इस्पितळाच्या खोलीत घडतो. पक्षाघात झालेला प्राध्यापक बरळतो, त्या बरळण्यातून त्याच्या आयुष्यातले अपमान, हेवेदावे, गिळलेले शब्द बाहेर पडतात, आणि त्याचा विद्यार्थी, म्हणजेच होणारा जावई, उशाशी बसून ते ऐकतो. हा भाग अंगावर येतो. मग शेवटी तो विद्यार्थी बीजिंगला जातो आणि गोळीबाराच्या रात्रीत सापडतो, तिथे कादंबरी पातळ होते. लेखकाने जे आयुष्यभर जवळून पाहिले ते खोलीत आहे, जे पडद्यावर पाहिले ते चौकात आहे, आणि वाचकाला हा फरक कळतो.

मा ज्यान यांची ‘बीजिंग कोमा’ याच घटनेवरची, २००८ मध्ये इंग्रजीत आली. मा ज्यान १९८९ च्या वसंतात हाँगकाँगहून बीजिंगला जाऊन विद्यार्थ्यांत राहिले होते. भाऊ अपघातात बेशुद्ध पडला म्हणून कत्तलीच्या थोडे आधी त्यांना शहर सोडावे लागले. कादंबरीचा नायक दाई वेई डोक्यात गोळी लागून दहा वर्षे बेशुद्ध पडून आहे. त्याला ऐकू येते, आठवते, फक्त हलता बोलता येत नाही. उपचाराला पैसे हवेत म्हणून आई त्याचे एक मूत्रपिंड विकते. खिडकीबाहेर देश श्रीमंत होत जातो आणि अखेर ती राहती इमारतच पाडायला घेतली जाते.

बाहेरचे लेखक विद्यार्थ्यांना देव्हाऱ्यात बसवतात असे ज्यांना वाटते, त्यांनी या कादंबरीतली चौकातली पाने वाचावीत. ध्वनिक्षेपक कुणाच्या ताब्यात असावा यावरून भांडणे, नेतेपदावरून कुरघोड्या, देणगीच्या पैशांवरून संशय, उपोषण करायचे की सोडायचे यावर रात्रभर वाद. पक्षाच्या राजवटीत वाढलेली ही मुले पक्षाचीच भाषा, पक्षाचीच समित्यांची हौस घेऊन आंदोलनात उतरली होती, हे मा ज्यान पानोपानी दाखवतात. या बैठकांचे तपशील फार लांबतात, वाचक थकतो, ही तक्रार मीही करेन. पण त्या थकव्यातून ती मुले खरी होतात. रणगाडे येतात तेव्हा चिरडली जाणारी मुले ओळखीची झालेली असतात.

विद्यार्थ्यांना वीर म्हणून रंगवायला गाओ यांनीही नकार दिला होता आणि त्याची किंमत दोन्हीकडून मोजली. १९८९ मध्ये त्यांनी ‘फ्युजिटिव्ह्ज’ हे नाटक लिहिले. गोळीबाराच्या रात्री एका पडक्या गोदामात लपलेली तीन माणसे, त्यांची भीती, त्यांची वासना, त्यांचे वाद. ज्या अमेरिकी नाट्यसंस्थेने नाटक मागवले होते तिने बदल सुचवले, तेव्हा गाओ यांनी ते परत घेतले. परदेशातले लोकशाहीवादी कार्यकर्ते नाराज झाले, तर बीजिंगने त्यांच्या सगळ्या लेखनावर बंदी घातली. बाहेर गेलेला लेखक पाश्चात्त्यांच्या तालावर नाचतो, हे सरसकट विधान करणाऱ्याने या घटनेकडे पाहावे. पुढे ‘वन मॅन्स बायबल’ या कादंबरीत त्यांनी सांस्कृतिक क्रांतीतला स्वतःसारखा एक माणूस उभा केला, जो नुसता बळी नाही. तो स्वतः एका बंडखोर गटाचा पुढारी होतो, घोषणा देतो, दुसऱ्यांच्या चौकशीत भाग घेतो आणि रात्री आपलीच हस्तलिखिते जाळतो.

इथे मला या सगळ्या लेखनातला सर्वांत मोलाचा धागा दिसतो. राजकीय उत्पाताची कादंबरी कुठे बसून लिहिली यापेक्षा तिच्यात अपराधाची वाटणी कशी झाली आहे हे मी आधी पाहतो. अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिणाऱ्या यियुन ली यांच्या ‘द व्हॅग्रंट्स’मध्ये ही वाटणी इतकी निर्दयपणे अचूक आहे की वाचक कुणाच्याच बाजूला निवांत बसू शकत नाही. काळ १९७९ चा वसंत. माओ जाऊन अडीच वर्षे झाली आहेत, बीजिंगमध्ये भिंतीवर लोक मोकळेपणाने पत्रके लावताहेत, अधिकृत इतिहास ज्याला चुका दुरुस्त करण्याचा काळ म्हणतो तो हाच. एका आडगावी गु शान या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला प्रतिक्रांतिकारक म्हणून गोळी घालायची आहे. शाळांना, कारखान्यांना त्याआधीच्या जाहीर धिक्कारसभेची तिकिटे वाटली आहेत. ओरडू नये म्हणून तिचे स्वरतंतू आधीच कापले आहेत आणि तिची मूत्रपिंडे एका बड्या अधिकाऱ्यासाठी काढून घेतली जातात. आई चौकात मुलीचे कपडे जाळते, परलोकात तिला थंडी वाजू नये म्हणून, आणि शाळामास्तर असलेल्या बापाला हे जुनाट कर्मकांड सहन होत नाही.

इथवर ती बळीची कथा आहे. मग कळते, की हीच शान काही वर्षांपूर्वी कडवी रेड गार्ड होती आणि तिने एका गरोदर बाईच्या पोटात लाथ मारली होती. त्या बाईची मुलगी निनी वाकड्या हातापायांनी जन्मली. शानचे आईवडील त्या निनीला सकाळी घरी बोलावून खाऊ घालतात, कारण त्यांना ठाऊक आहे. लेखिका याचा निवाडा करत नाही. निनीचा तिरस्कारही खरा, शानचे शेवटचे धैर्यही खरे. कादंबरीमागे चीनमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्ष घडलेल्या घटनांचा आधार आहे, पण तिचे बळ या हिशेबात आहे. १९८१ मध्ये पक्षाने ठराव करून सांस्कृतिक क्रांती ही मोठी चूक असल्याचे मान्य केले आणि दोष मुख्यतः वरच्या काही माणसांवर टाकून प्रकरण मिटवले. लाथ कुणी मारली, तिकीट घेऊन सभेला कोण बसले, हा हिशेब उरला तो कादंबरीकारांकडे.

हा हिशेब आत राहूनही मांडता येतो का? काही प्रमाणात येतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. यू हुआ यांची ‘टू लिव्ह’ चीनमध्ये लाखोंनी वाचली जाते, आणि त्यात जमीनवाटपापासून सांस्कृतिक क्रांतीपर्यंत सगळे आहे. यान ल्यांके बीजिंगमध्ये राहून जे लिहितात ते धारेत कुणाला हार जाणार नाही. दूषित रक्तामुळे एड्स पसरलेल्या खेड्यावरची ‘ड्रीम ऑफ डिंग व्हिलेज’ लिहिताना आपण स्वतःच लेखणी आवरली, अशी खंत त्यांनी व्यक्त केली आहे. आवरूनही ती अडवली गेलीच. फांग फांग यांची जमीनवाटपातल्या हिंसेवरची ‘सॉफ्ट बरियल’ २०१६ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या वर्षी टीकेची राळ उठून ती दुकानांतून गायब झाली. वुहानच्या टाळेबंदीतली त्यांची दैनंदिनी इंग्रजीत येणार असे २०२० मध्ये कळताच, पाश्चात्त्यांच्या हाती सुरी दिली म्हणून त्यांना शिव्या खाव्या लागल्या. त्यांनी वुहान सोडलेले नव्हते. म्हणजे हा आरोप होण्यासाठी देश सोडावा लागतो असेही नाही.

मधली वाटही काहींनी चालून पाहिली. यान गेलिंग अनेक वर्षे परदेशात राहूनही चिनीत लिहीत आणि चीनमध्ये छापत राहिल्या. श्रमछावणीत दशके काढलेल्या प्राध्यापकाची त्यांची कादंबरी ‘लू यानशी’ २०११ मध्ये तिथेच निघाली. तिच्यावर झांग यिमोऊंनी २०१४ मध्ये ‘कमिंग होम’ हा चित्रपट केला, मात्र घेतला तो कादंबरीचा शेवटचा भाग, म्हणजे घरी परतलेला नवरा आणि त्याला न ओळखणारी बायको. छावणी जवळजवळ सगळी वगळली. २०२२ मध्ये साखळीने बांधलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणावर गेलिंग यांनी लेख लिहिला, आणि त्यानंतर चिनी इंटरनेटवरून त्यांचे नाव पुसण्यात आले.

म्हणून परक्यांसाठी लिहिता, हा आरोप मला अर्धाच मान्य होतो. चिनी वाचकासाठी लिहिलेले तैवान आणि हाँगकाँगमध्ये छापले जाई. मुख्य भूमीवरून येणारे प्रवासी हाँगकाँगच्या दुकानांतून ती पुस्तके सामानात दडवून नेत. २०१५ मध्ये अशाच एका दुकानाशी संबंधित पाच माणसे एकामागोमाग बेपत्ता झाली आणि नंतर चीनच्या ताब्यात असल्याचे निघाले. २०१८ मध्ये मा ज्यान यांचा हाँगकाँगमधला कार्यक्रम कार्यक्रमस्थळाच्या चालकांनी रद्द केला आणि गाजावाजा झाल्यावर अखेरच्या क्षणी होऊ दिला. लेखकाचा खरा वाचक असा एकेक दार बंद करून हिरावून घेतला, मग उरलेल्या परक्या वाचकाला समजावून सांगत लिहिणे लेखकाच्या वाट्याला आले. ते समजावणे कलेला बाधते, यात शंका नाही. पण दार लेखकाने बंद केलेले नाही.

अंतराची खरी हानी मला दिसते ती अलीकडच्या काळाबाबत. मा ज्यान यांनी एक अपत्य धोरणाच्या क्रौर्यावरची ‘द डार्क रोड’ लिहिण्यापूर्वी चीनच्या आतल्या भागांत हिंडून पळून फिरणाऱ्या कुटुंबांना गाठले होते. २०११ पासून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्यानंतरची ‘चायना ड्रीम’ आजच्या राजवटीवरची विडंबनकथा आहे, आणि तिच्यात संताप भरपूर असला तरी माणसे पुसट आहेत. वुहानची टाळेबंदी, शिनजियांगमधल्या छावण्या, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कोरे कागद हाती धरून रस्त्यावर आलेली तरुण मुले, या सगळ्यांवरची मोठी कादंबरी बाहेरून लिहायची तर लेखकाकडे उरते ते ऐकीव आणि पडद्यावरचे. यियुन ली यांनी तर आपल्या पुस्तकांची चिनी भाषांतरे अनेक वर्षे होऊच दिली नाहीत. लेखिकेचा तो हक्क मी मानतो, तरी निनीची गोष्ट निनीच्या भाषेत नसणे हे नुकसान आहे, आणि ते तसे म्हटले पाहिजे.

आपल्यापाशी ही पुस्तके बहुधा इंग्रजीतून येतात, आणि १९६२ पासून गलवानपर्यंतची कटुता मनात घेऊनच आपण ती उघडतो. चीनमधल्या छळाची हकीकत भारतीय वाचकाला जरा जास्तच लवकर पटते. तेव्हा एवढीच विनंती आहे. ‘द व्हॅग्रंट्स’ आणि ‘बीजिंग कोमा’ अवश्य वाचा, पण त्यांच्या शेजारी यू हुआ आणि यान ल्यांके ठेवा. आणि त्या धिक्कारसभेचे तिकीट हाती घेऊन बसलेल्यांची पाने येतील तेव्हा ती परक्या देशातली म्हणून भरभर उलटू नका.